जागा आधी की प्रत?

घरचे फोटो घरच्याच सर्व्हरवर ठेवणारी मंडळी हल्ली बरीच भेटतात. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली, हे त्याचं एक कारण. २०१६ साली ओनक्लाउडमधून फुटून निघालेलं नेक्स्टक्लाउड जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. चालता चालता डिस्क भरते, आणि आपण दुसरी आणतो.

ती जोडणं फार अवघड नाही. फॉरमॅट करा, तिचा यूयूआयडी एफएसटॅबमध्ये लिहा, सोबत 'नोफेल' टाका, म्हणजे डिस्क रुसली तरी मशीन सुरू होईल. फोल्डरची मालकी वेब सर्व्हरच्या युजरला द्या आणि 'एक्सटर्नल स्टोरेज'मधून ती दाखवा. झालं!

पण माझं मत विचाराल तर दुसरी डिस्क जागेसाठी नकोच. ती बॅकअपला द्या. दोन डिस्क सांधून एक मोठी केली, तर एक गेली की सगळंच धोक्यात. रेडने आरसा केला, तरी चुकून पुसलेला फोटो दोन्हीकडून एकदमच जातो. बॅकअप वेगळाच हवा. त्यात डेटाबेस आणि कॉन्फिगही हवं, आणि जमलं तर तो दुसऱ्या घरी असावा.

आत्याने, काकाने आपापले फोटो विश्वासाने आपल्याकडे दिलेले असतात. कंपनीला नावं ठेवून आपण सर्व्हर मांडला, तर आता त्यांची कंपनी आपणच की! जागा कमी पडली तर आधी व्हॉट्सअ‍ॅपवरचे सुप्रभात पुसावेत.

असो. तुम्ही काय करता?