अल्प ओझे, निवांत यात्रा

दिवाळीनंतर दुकानातील गर्दी ओसरली की गंगापूर परिसरातील व्यापारी कुटुंबांत यात्रेचे बेत सुरू होतात. पंधरा-वीस माणसे आणि त्यांच्या दुप्पट बॅगा! त्यांत एखादी मितभाषी सून असते. चार दिवसांच्या अखंड गलबल्याने ती थकून जाते आणि आपण तिला ‘माणूसघाणी’ ठरवून मोकळे होतो. वास्तविक ती अंतर्मुख असते. आणि अंतर्मुख होण्यासाठीच तर यात्रेला निघायचे!

अशा व्यक्तीला जड सामान अधिकच जाचते. लासूर स्टेशनवर गाडी थोडाच वेळ थांबते. चार बॅगा चढवायच्या तर कोणाला हाक मारा, जागेसाठी हुज्जत घाला. आपले सामान ज्याला स्वतः उचलता येते, त्याची या बोलाचालीतून सुटका होते. आपले साधू-साध्वी विहारात आपली उपकरणे स्वतःच वाहतात; खांद्याला पेलेल तेवढेच सोबत.

मग श्रावकाने किती घ्यावे? त्याचे मापही परंपरेने दिले आहे. चौदा नियमांत द्रव्य, पादत्राणे, वस्त्रे, वाहन, शयन, दिशा यांची मर्यादा रोज ठरवली जाते. निघण्याच्या आदल्या रात्री तीच मर्यादा बॅगेला लावावी. तीन दिवसांच्या यात्रेला अंगावरचा धरून तीन जोड कपडे, पायांतील एकच चप्पल, एक शाल, औषधे, पाण्याची बाटली, थोडे खाकरे. शिवाय सामायिकाचे आसन, मुहपत्ती आणि माळ. ‘लागलेच तर’ म्हणून घेतलेली वस्तू बहुधा घडी न मोडता घरी परतते. न खपणारा माल भांडवल अडकवतो, हे व्यापाऱ्याला का सांगायला हवे?

वेरूळला ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी उत्तर टोकाला, कैलास लेण्यापासून बरीच दूर आहेत. हातात पिशव्या असल्या की तिथवर जाण्याचा कंटाळा येतो. मोकळ्या हातांनी गेलेला यात्रेकरू मात्र ३२ व्या लेण्यात, इंद्रसभेत, वेलींनी वेढलेल्या ध्यानस्थ बाहुबलींसमोर निवांत उभा राहू शकतो.

घरच्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. यात्रेत रोज एका सामायिकाएवढा वेळ, म्हणजे ४८ मिनिटे, त्या सुनेला कोणी हाक मारू नये. ‘एकटी का बसलीस?’ असेही विचारू नये. एवढी शांतता लाभली तर पुढच्या यात्रेचा बेत कदाचित तीच आधी काढील.