आपला ‘टाइप’ कोणता आणि आपले पाचारण कोणते?

वाचन : रोमकरांस पत्र, अध्याय १२, वचने १ ते ८



हल्ली आपल्या तरुण मुलामुलींच्या बोलण्यात चार अक्षरे वारंवार येतात. कोणी म्हणते, ‘मी आयएनएफपी.’ कोणी म्हणते, ‘आमचा टीम लीड ईएसटीजे आहे, म्हणून आमचे जमत नाही.’ बेळगावहून बंगळूरला, पुण्याला नोकरीसाठी गेलेल्या काही मुलांना कंपनीत रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात अशी चाचणी देतात. दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी हे ठरवण्यासाठी काही पालक पैसे भरून मुलांना अशा चाचणीला बसवतात. आता ही भाषा चर्चच्या आवारातही ऐकू येते. ‘मी इंट्रोव्हर्ट आहे, मला पुढे येऊन वाचन करायला सांगू नका.’ ‘माझा स्वभाव लोकांत मिसळायचा नाही, मला आजाऱ्यांच्या भेटीला नेऊ नका.’

धर्मग्रामात सेवा करणारे आम्ही काही जण या विषयावर बरेच दिवस बोलत आहोत. या चाचण्या पाप आहेत, त्यांना हात लावू नका, असे आमचे म्हणणे नाही. त्या डोळे मिटून मानाव्यात, असेही नाही. चाचणी हा एक छोटा आरसा आहे. आरशात पाहून केस विंचरावेत. आरशाला विचारून आयुष्य ठरवू नये. आपण कोण आहोत हे प्रश्नपत्रिकेपेक्षा माणसांत राहून, त्यांची सेवा करताना अधिक खरे कळते, असे आम्हाला वाटते. का वाटते, ते पुढे मांडतो.

ही चाचणी आली कुठून, हे आधी पाहू. स्वित्झर्लंडचे मनोवैज्ञानिक कार्ल युंग यांनी १९२१ साली माणसांच्या मनोवृत्तीच्या प्रकारांवर एक ग्रंथ लिहिला. तो १९२३ साली इंग्रजीत आला आणि अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज यांच्या वाचनात आला. त्या आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स या दोघींनी पुढे त्यावरून प्रश्नावली तयार केली. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इझाबेल यांनी हे काम नेटाने हाती घेतले. माणसाला आपल्या स्वभावाला मानवणारे काम मिळावे आणि वेगळ्या स्वभावाच्या लोकांनी एकमेकांना समजून घ्यावे, हा त्यांचा हेतू होता. तीच आजची मायर्स-ब्रिग्ज चाचणी. माणूस अंतर्मुख की बहिर्मुख, समोरचा तपशील पाहणारा की पुढची शक्यता पाहणारा, निर्णय तर्काने घेणारा की मनाच्या ओढीने घेणारा, आखून चालणारा की येईल तसे घेणारा, अशा चार जोड्या आणि त्यांतून होणारे सोळा प्रकार.

आता एक गोष्ट, जी आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. इझाबेल मायर्स १९८० साली वारल्या. त्याच वर्षी त्यांचे ‘गिफ्ट्स डिफरिंग’ हे पुस्तक निघाले. हे नाव त्यांनी रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायातून, सहाव्या वचनाच्या जुन्या इंग्रजी भाषांतरातून घेतले. आपल्याला दिलेल्या कृपेप्रमाणे आपली दाने निरनिराळी आहेत, हा तिथला अर्थ. म्हणजे जी चार अक्षरे आज ऑफिसच्या भिंतीवर लागतात, त्यांच्यामागे कुठेतरी पौलाचे पत्र उभे आहे. म्हणूनच आम्ही म्हणतो, अक्षरे वाचायची असतील तर तो अध्यायही पूर्ण वाचावा.

त्या अध्यायात पौल पहिल्यांदा काय सांगतो? मन नवे होऊ द्या आणि तुम्ही बदला, हे तो दुसऱ्या वचनात सांगतो. आपल्याविषयी वाजवीपेक्षा मोठे समजू नका, मर्यादेने विचार करा, हे तिसऱ्या वचनात. मग शरीर आणि अवयव यांचा दृष्टांत येतो. त्यानंतर दानांचा उल्लेख येतो, आणि प्रत्येक दानापुढे लगेच एक काम येते : शिकवणाऱ्याने शिकवावे, देणाऱ्याने मोकळ्या हाताने द्यावे, दया करणाऱ्याने आनंदाने करावी. ‘मी कसा आहे’ एवढ्यावर पौल कुठेच थांबत नाही. दान कोणासाठी दिले आहे, हे तो दानासोबतच सांगतो. आजच्या चाचण्या ‘निरनिराळी दाने’ एवढे दोन शब्द घेतात. त्यांच्या आधीचे ‘बदला’ आणि नंतरचे ‘वापरा’ हे शब्द सुटून जातात.

चाचणीचा उपयोग होतो, हे आम्ही नाकारत नाही. न बोलणारा मुलगा गर्विष्ठ नसतो, त्याला विचार करायला वेळ लागतो, हे एखाद्या वडिलांना चाचणीच्या कागदावरून कळले तर चांगलेच आहे. जमावात गेल्यावर दमणारी मुलगी स्वतःला दोषी मानायचे सोडते, हेही चांगले आहे. नवरा-बायको, सासू-सून, सहकारी यांच्यात बोलणे सुरू व्हायला असा कागद निमित्त ठरतो. एवढ्यापुरते त्याचे आभार मानावेत.

पण त्याच्या मर्यादाही माहीत असाव्यात. बहुतेक माणसे अगदी अंतर्मुख किंवा अगदी बहिर्मुख नसतात. मध्येच कुठेतरी असतात. ही चाचणी मधोमध रेघ ओढते आणि रेघेच्या जरा अलीकडच्याला एक अक्षर, जरा पलीकडच्याला दुसरे अक्षर देते. त्यामुळे काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचे निदान एक तरी अक्षर बदलते. कोणाला नोकरीवर घ्यावे हे ठरवण्यासाठी ही चाचणी वापरू नये, असे ती चालवणाऱ्या संस्थांनीच सांगितलेले आहे.

‘पण माझे वर्णन अगदी तंतोतंत जुळले!’ असे मुले म्हणतात. इथे बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग आठवावा. १९४८ साली त्याने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना एक स्वभावचाचणी दिली आणि आठवड्याने प्रत्येकाच्या हाती ‘त्याचे’ वर्णन ठेवले. ते किती खरे आहे याला पाचापैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी चारच्या वर गेली. मग कळले की सगळ्यांच्या कागदावर एकच मजकूर होता आणि तो त्याने बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून गोळा केला होता. आपल्याविषयी कोणी दोन गोड वाक्ये लिहिली की ती आपल्याला खरी वाटतात. ज्योतिषाच्या दारात आपण जात नाही असे अभिमानाने सांगणाऱ्या आपण, त्याच गोष्टीला इंग्रजी अक्षरे लावली की मान डोलवावी, हे बरोबर नाही.

नोकरीतल्या यशाचे काय? मानसशास्त्रात आज अधिक मानली जाणारी पद्धत पाच गुणांच्या मोजपट्टीची आहे. ती माणसाला कप्प्यात टाकत नाही, प्रत्येक गुण किती आहे तेवढे सांगते. त्या पाचांपैकी निरनिराळ्या प्रकारच्या कामांत चांगल्या कामगिरीशी सर्वांत सातत्याने संबंध दिसलेला गुण म्हणजे कर्तव्यदक्षता : वेळेवर येणे, हाती घेतलेले पुरे करणे, शब्द पाळणे. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम केलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे सांगायला चाचणीची गरज नव्हती. प्रभूनेही थोडक्यात विश्वासू असणाऱ्याविषयीच सांगितले. हा गुण सवयीने वाढवता येतो, आणि आमच्या दृष्टीने तीच त्यातली सुवार्ता आहे.

आपल्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, त्यामुळे सैन्यभरतीचे वारे आपल्या मुलांच्या कानांवर लहानपणापासून पडते. अधिकारी व्हायचे तर एसएसबीला पाच दिवस राहावे लागते. तिथे चित्र पाहून गोष्ट लिहिणे, शब्द वाचून मनात आलेले वाक्य लिहिणे, अशा लेखी चाचण्या असतात. पण तेवढ्यावर भागत नाही. मुलाखत असते, आणि मैदानावर फळ्या, दोर, पिंप घेऊन गटाने अडथळा पार करायचा असतो. मागे राहिलेल्याला कोण हात देतो, हे कागदावर कळत नाही, मैदानावर कळते. मंडळीतही तसेच. सणाच्या आदल्या रात्री खुर्च्या लावताना, अंत्यविधीच्या घरी चहा करताना, माणसाचा स्वभाव आपोआप दिसतो आणि त्याच वेळी घडतोही.

आम्हाला सर्वांत जास्त काळजी आहे ती शिक्क्याची. आपल्या देशात माणसावर जन्मतःच शिक्का मारण्याची रीत जुनी आहे. हा अमुक काम करणार, तो तमुक दारातून आत येणार नाही, हे त्याच्या जन्माआधीच ठरलेले असे. आपल्यापैकी कितीतरी घराण्यांनी हा भार पिढ्यान्‌पिढ्या वाहिला, आणि ख्रिस्तामध्ये तो उतरतो या आशेने आपले आजे-पणजे मंडळीत आले. दोन गोष्टी एक नाहीत, हे आम्हाला कळते. चाचणी कोणाला विहिरीवरून हाकलत नाही. तरी ‘हा असाच आहे, याच्याकडून हे होणार नाही’ हे वाक्य आपल्या कानाला ओळखीचे वाटले पाहिजे. आता तेच आपण स्वतःच्या मुलांना, आणि मुले स्वतःला, हसत हसत म्हणू लागलो तर मिळालेली मोकळीक आपण हाताने परत करतो.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण घ्या. त्या कडक सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढल्या. शाळेचे शिक्षण जवळजवळ नाहीच. १८९५ साली रेव्हरंड टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते त्यांना सोसवले नाही. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. त्या वर्षी कोणी त्यांचा ‘टाइप’ काढला असता तर काय आला असता? १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. पुढे टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पूर्ण केले आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहून मराठीला एक अमोल आत्मचरित्र दिले. त्यांचा मिस्कील, रोखठोक स्वभाव शेवटपर्यंत तोच होता. देवाने तो पुसला नाही, कामाला लावला.

पवित्र शास्त्रातही हेच दिसते. मोशेने आपल्या जड जिभेचे कारण सांगितले. देवाने बोलायला अहरोन सोबत दिला, पण मोशेला घरी बसू दिले नाही. मार्थेवर आपण ‘स्वयंपाकघरातली धावपळ करणारी’ असा शिक्का मारला आहे. पण योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय उघडा : भाऊ वारलेला असताना, येशू हाच देवाचा पुत्र ख्रिस्त आहे अशी स्पष्ट कबुली तिथे देते ती मार्थाच. आणि मार्क? तो प्रवासातून अर्ध्यावर परतला, म्हणून पौल त्याला पुन्हा बरोबर न्यायला तयार नव्हता. त्यावरून पौल आणि बर्णबा वेगळे झाले. बर्णबाने मार्काला सोबत घेतले. पुढे तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना पौल त्याच मार्काला घेऊन यायला सांगतो, कारण तो सेवेसाठी उपयोगी आहे. मधल्या काळात मार्काच्या पाठीशी एक बर्णबा उभा होता. आपल्या मुलांना चाचणीच्या कागदापेक्षा अशा बर्णबांची गरज अधिक आहे.

मग करायचे काय? कंपनीने चाचणी दिली तर मोकळ्या मनाने द्या. निकाल आला की तो एकट्याने वाचू नका. आईबाबांना, भावंडांना, मंडळीतल्या एखाद्या जाणत्या ताईला किंवा काकांना दाखवा आणि ‘यात मी कुठे दिसतो, कुठे नाही?’ असे विचारा. ‘मी असाच आहे’ हे वाक्य क्षमा मागण्याऐवजी वापरू नका. पालकांनो, मुलाची शाखा केवळ एका कागदावरून ठरवू नका. त्याला दोन-चार ठिकाणी खरोखरचे काम करून पाहू द्या. आणि आपण जे सेवक नेमतो, त्यांनी गप्प मुलाला नेहमी खुर्च्याच उचलायला लावू नयेत. कधी त्याच्या हाती वाचनही द्यावे, आधी घरी बसून तयारी करून घ्यावी.

रोज रात्री आत्मपरीक्षण करण्याची सवय संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या अनुयायांना लावली. दहा-पंधरा मिनिटे पुरतात. आज देवाने काय दिले, त्याचे आभार. आज मी कोणाला बळ दिले, कोणाला दुखावले, हे आठवणे. क्षमा मागणे, उद्यासाठी कृपा मागणे. हे वर्षभर केले तर स्वतःची जी ओळख होते ती चार अक्षरांत मावत नाही. या आठवड्यात घरी एकदा करून पाहा, आणि शेवटी आणखी एक प्रश्न जोडा : मला जे दिले आहे, ते या मंडळीत कोणाला हवे आहे?

प्रार्थना : हे प्रभू, तू आम्हाला आईच्या उदरात घडवलेस आणि आमचे मन तू जाणतोस. आमच्या स्वभावाबद्दल तुझे आभार मानतो. त्याच्या आड लपू नये म्हणून आम्हाला धैर्य दे, आणि दुसऱ्यावर शिक्का मारू नये म्हणून आम्हाला नम्रता दे. आम्हाला बदल आणि वापर. आमेन.