बॅटरी उतरली, तोराही

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आईला कानाच्या डॉक्टरांकडे न्यायचे होते. सकाळी साडेनऊची वेळ मिळाली होती. आई आठपासूनच घडीचे पातळ नेसून, पिशवी मांडीवर घेऊन बाहेरच्या खोलीत बसली होती. आमचे चिरंजीव मोटार काढायला खाली गेले आणि दहा मिनिटांनी घाम पुसत वर आले. मोटार सुरू होणे दूरच, तिचे दारही उघडत नव्हते. किल्लीच्या पोटात दडवलेली छोटी लोखंडी किल्ली शोधून दार उघडले, तर आत सगळा अंधार. बॅटरी मागे डिकीत, आणि डिकी उघडायला वीज हवी!

"आजी, बॅटरी उतरलीय," तो मोठ्याने म्हणाला.

आईला निम्मेच ऐकू आले. ती म्हणाली, "मग दोन सेल घाला की. त्यात काय एवढं?"

आम्ही सगळे हसलो. आई रिक्षाने डॉक्टरांकडे गेली. पण तिच्या त्या वाक्यावर पुढचे चार दिवस मी विचार करत होतो. सेल संपले, नवे घातले, इतके सोपे काम इतके अवघड आणि इतके महाग कधी झाले?

मोटारीविषयी थोडे सांगायला हवे. ती जर्मन बनावटीची, आलिशान म्हणतात त्या जातीची. मुलाने दोन वर्षांपूर्वी ती जुन्या बाजारात घेतली तेव्हा सात वर्षे वापरलेली होती, म्हणून नव्या मध्यम मोटारीच्या पैशांत मिळाली. ती पहिल्यांदा सोसायटीत उभी राहिली तेव्हा वॉचमनचा सलामही जरा कडक झाला. खोटे कशाला बोलू, माझीही मान ताठ झाली होती. माझ्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी होती. तिची बॅटरी बॉनेट उघडले की समोर. महिन्यातून एकदा वडील तिची सहा बुचे उघडून डिस्टिल्ड वॉटर घालत. थंडीत उतरलीच तर वाड्यातली चार पोरे धक्का द्यायला धावत. मुलाच्या ऑटोमॅटिक मोटारीला सबंध सोसायटीने धक्का मारला तरी ती सुरू व्हायची नाही.

मुलाने अधिकृत सेवाकेंद्राला फोन केला. बॅटरी बदलावी लागेल, खर्च ५१,८०० रुपये, असा अंदाज आला. किमतीची फोड विचारली तर "पॅकेज आहे" हे उत्तर. बाहेर बसवली तर काय, असे विचारल्यावर पलीकडचा आवाज गंभीर झाला. "गाडीचा कॉम्प्युटर बिघडला तर आमची जबाबदारी नाही." मुलाने मुकाट्याने खिशातून कार्ड काढले. मी म्हटले, "एक दिवस थांब."

थांब म्हणण्याचे कारण टेबलावर पडले होते. कानाच्या डॉक्टरांची चिठ्ठी. आईला कर्णयंत्र हवे होते, एका कानाचे २८ हजार रुपये. ती चिठ्ठी वाचून आम्ही सगळ्यांनी एकमुखाने "पुढच्या महिन्यात बघू" म्हटले होते. आईनेही "मला कशाला आता या वयात" म्हणून आमची सोय करून दिली होती. मोटारीच्या बॅटरीबद्दल मात्र घरात कोणाच्याही तोंडून पुढचा महिना निघाला नाही. हे माझ्या लक्षात आले आणि मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी नाना पेठेत गेलो. मोटारीच्या सुट्या भागांचा पुण्यातला हा जुना बाजार. दोन दुकाने आणि एक स्वतंत्र गॅरेज एवढ्या फेरीत जे समजले ते प्रत्येक मोटारमालकाला ठाऊक असायला हवे, म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे आलिशान मोटारीतही बॅटरी बहुधा शिसे आणि गंधकाम्लाचीच असते. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शोधलेले तत्त्वच तिथे काम करते. फरक बांधणीचा. साध्या बॅटरीत आम्ल पातळ स्वरूपात असते. या मोटारींत बहुतेक वेळा 'एजीएम' जातीची बॅटरी असते. तिच्यात काचतंतूंची दाट चटई आम्ल शोषून धरते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या मोटारीत बॅटरीवर फार ताण येतो, तो ही जात सोसते. शिवाय ती जवळजवळ बंदिस्त असल्याने डिकीत ठेवायलाही बरी. म्हणून ती महाग, आणि तेवढी महागाई रास्त आहे.

दुसरी गोष्ट कॉम्प्युटरची. सेवाकेंद्राने घातलेली भीती अर्धी खरी होती. अशा बऱ्याच मोटारी बॅटरीच्या वयाचा हिशेब ठेवतात आणि तिला किती वीज भरायची ते त्यावरून ठरवतात. नवी बसवून मोटारीला सांगितलेच नाही, तर ती नव्या बॅटरीला म्हातारी समजून वागवते आणि तिचे आयुष्य कमी करते. म्हणून नव्या बॅटरीची नोंद करावी लागते. पण ही नोंद म्हणजे काही मंत्रसिद्धी नव्हे. तपासणीचे यंत्र असलेल्या चांगल्या गॅरेजात ती काही मिनिटांत होते. जात किंवा क्षमता बदलली, तर तेही मोटारीला कळवावे लागते, एवढेच.

आता पर्याय. माझ्यापुढे तीन होते. एक, सेवाकेंद्राचे ५१,८००. दोन, त्याच मापाची, त्याच ९० अँपिअर-अवर क्षमतेची, दुसऱ्या नामवंत कंपनीची एजीएम बॅटरी २४,५०० रुपयांना. नोंदणीचे आणि बसवण्याचे १,५०० वेगळे. जुनी बॅटरी परत दिली की २,००० वजा. म्हणजे एकूण २४ हजार. तीन, साधी बॅटरी, साडेनऊ हजारांत. "चालतंय की साहेब, काही होत नाही," असे एका दुकानदाराने छातीठोकपणे सांगितले. गॅरेजवाल्याने मात्र मान हलवली. तो म्हणाला, "चालेल, पण दीड वर्षाने पुन्हा याल. आणि डिकीत साधी बॅटरी मी ठेवणार नाही." गिऱ्हाइकाला स्वस्त वस्तू नको म्हणणारा माणूस भेटला की त्याच्यावर विश्वास ठेवावा. मी दुसरा पर्याय घेतला.

त्याने आणखी एक काम केले, जे सेवाकेंद्राने फोनवर सुचवलेही नव्हते. आधी तपासले. इंजिनाजवळच्या खास टोकांना वीज देऊन मोटार चालू केली आणि तिचा अल्टरनेटर नीट वीज भरतो का ते पाहिले. कारण अल्टरनेटर बिघडला असेल तर नवी बॅटरीही चार दिवसांत उतरायची. मग जुन्या बॅटरीवरची तारीख दाखवली. सहा वर्षांची! मोटार घेताना आम्ही रंग पाहिला, गाद्या पाहिल्या, गाणी लावून पाहिली. बॅटरीची तारीख कोणी पाहिली नाही. त्यात मोटार फक्त रविवारी निघायची. बंद मोटारीतही कुलपे, धोक्याची घंटा, कॉम्प्युटर थोडी थोडी वीज पीतच असतात. शिवाय आपल्याकडचा उन्हाळा. थंडीत बॅटरीचे दुखणे बाहेर येते, पण तिला झिजवते ती उष्णता.

आता कोणी म्हणेल, सेवाकेंद्र लुटारू आहे असे तुम्हाला सांगायचे आहे का? नाही. त्यांची जागा, त्यांची शिकलेली माणसे, मूळ कंपनीचा भाग, कामाची नोंद या सगळ्याचे पैसे पडतात. ज्याच्या मोटारीची हमी अजून चालू आहे किंवा ज्याला धावपळ नको आहे, त्याने खुशाल तिथे जावे. माझी तक्रार किमतीपेक्षा भीतीबद्दल आहे. फोड न सांगणे आणि बाहेर गेलात तर बघा, असे सुचवणे, हा व्यापार नव्हे.

ही तक्रार माझ्या एकट्याची नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजना सहज मिळू न देणे, हा त्यातला मुख्य आक्षेप होता. प्रकरण पुढे अपिलांत गेले, पण मुद्दा सरकारदरबारी नोंदला गेला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टलही सुरू केले. त्यात मोटारींचाही समावेश आहे. विकत घेतलेली वस्तू दुरुस्त कोणाकडून करायची हे घेणाऱ्याने ठरवायचे, हे साधे तत्त्व आहे. ते मान्य नसेल तर आपण मोटार विकत घेतली नाही, नुसती भाड्याने आणली, असेच म्हणावे लागेल.

पण सगळा दोष कंपन्यांवर ढकलून आपण मोकळे होऊ नये. त्या दिवशी मुलाने कार्ड का काढले? त्याला हिशेब येत नाही म्हणून नव्हे. अशा मोटारीच्या मालकाने भाव करायचा नसतो, असे त्याला वाटले म्हणून. पद्मिनीचा मालक बॅटरीसाठी चार दुकाने हिंडत असे आणि त्याचे त्याला काही वाटत नसे. मोटार मोठी झाली आणि विचारण्याची लाज वाटू लागली. मला विचाराल तर त्या ५१,८०० रुपयांतला बराच भाग या लाजेचा होता.

जुनी आलिशान मोटार घेणाऱ्या तरुणांना म्हणूनच सांगावेसे वाटते. मोटारीची किंमत वयाबरोबर उतरते, तिच्या भागांची उतरत नाही. सात वर्षांची मोटार तिसऱ्या हिश्श्यात मिळाली, तरी टायर, ब्रेक, बॅटरी नव्या मोटारीच्याच भावाने घ्यावी लागते. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. घेण्याआधी बॅटरीची जात, तारीख आणि तिच्या बदलाचा खर्च विचारा. मोटार हायब्रीड असेल तर अधिकच सावध राहा, कारण तिच्यात साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीखेरीज चाके फिरवणारी वेगळी मोठी बॅटरी असते आणि तिचा खर्च लाखांत जाऊ शकतो. नवी बॅटरी घेतानाही ती किती दिवस दुकानात पडून आहे हे तारखेवरून पाहा. आणि जुनी बॅटरी दुकानातच परत द्या. २०२२ च्या नियमांनुसार ती शास्त्रशुद्ध पुनर्वापराकडे जायला हवी. भंगारात गेली तर कुठेतरी उघड्यावर फोडून शिसे वितळवले जाते आणि ते विष तिथल्या पोराबाळांच्या रक्तात जाते. चारदोनशे रुपये जास्त मिळतात म्हणून तो मोह नको.

आमचे २७,८०० रुपये वाचले. कर्णयंत्राला दोनशे कमी पडत होते, ते मी घातले. यातले अर्धे शहाणपण बॅटरीने शिकवले आणि अर्धे आईच्या "दोन सेल घाला की" या वाक्याने.

कर्णयंत्राचा सेल शर्टाच्या बटणापेक्षाही लहान असतो. आठवड्याभरात संपतो. पहिल्या वेळी डॉक्टरांकडच्या मुलीने आईला तो बदलायला शिकवले. दुसऱ्या वेळी मी पुढे झालो, तर आईने माझा हात बाजूला केला. खिडकीशी उजेडात बसून तिने चष्मा सावरला, इवलेसे दार उघडले, जुना सेल काढला, नव्याचा चिकट कागद सोलला आणि तो बसवला. मग यंत्र कानात घालून म्हणाली, "बोल आता. आणि ओरडू नकोस, मला ऐकू येतं."