खाडीवरचा पाहुणा शोधू या!

वाचकहो, नवी मुंबईत आपल्यापैकी बहुतेक जण बाहेरगावाहून आलो. कोणी मराठवाड्यातून, कोणी विदर्भातून, कोणी कोकणातून. आलो ते पोटासाठी. आपल्या वस्तीपासून तासाभराच्या अंतरावर खाडीच्या चिखलात दर हिवाळ्याला हजारो पाहुणे उतरतात, तेही पोटासाठीच. पण त्यांची विचारपूस आपण कधी केली? रोहित पक्ष्यांचा गुलाबी थवा मात्र सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्यामुळे ठाणे खाडीचे अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले आणि २०२२ साली खाडीला रामसर यादीत स्थान मिळाले. आज आम्ही सांगणार आहोत ते रोहिताच्या पायाशी चिखल टोचत फिरणाऱ्या करड्या, साध्या पक्ष्यांविषयी. त्यातही एका दुर्मिळ पाहुण्याविषयी.

त्याचे नाव ग्रेट नॉट. साळुंकीपेक्षा मोठा, पारव्यापेक्षा लहान. हिवाळ्यात पाठ करडी, पोट पांढरे, छातीवर काळपट ठिपके. चोच काळी, डोक्यापेक्षा थोडी लांब आणि टोकाशी किंचित खाली वळलेली. पाय हिरवट करडे. मार्च-एप्रिलमध्ये परतीची वेळ आली की छातीवरचे ठिपके दाट काळे होतात आणि खांद्यावर तांबूस रंग चढतो.

त्याचे माहेर ईशान्य सायबेरियाच्या डोंगरात. तिथे मादी चार अंडी घालते. पिल्ले बाहेर पडली की मादी लवकर निघून जाते आणि पिल्लांचा सांभाळ नर करतो. आपल्याकडे बाप लेकराला घेऊन दवाखान्यात गेला तर अजून लोक वळून बघतात!

याचा आहार शिंपले. आपण तिसऱ्या शिजवून खातो, हा कवचासकट गिळतो आणि पोटातल्या पेषणीत भरडतो. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावरून चीनपर्यंतचे सुमारे ५,४०० किलोमीटर हा न थांबता उडतो. शास्त्रज्ञांनी तपासले तेव्हा आढळले की या प्रवासात चरबीच नव्हे, तर आतडी-यकृतासारखे अवयवही झिजून लहान होतात. म्हणजे हा पक्षी स्वतःचे शरीर जाळून मुक्काम गाठतो. मुक्कामी अन्न मिळाले तरच ती झीज भरून निघते.

आणि तिथेच घात झाला. दक्षिण कोरियातील सेमांगम येथे ३३ किलोमीटर लांबीचा बांध घालून २००६ साली समुद्राचे पाणी अडवले गेले. तो चिखल या पक्ष्याचा मोठा विसावा होता. चिखल सुकला, शिंपले मेले आणि हजारो ग्रेट नॉट दिसेनासे झाले. २०१५ पासून जगाच्या यादीत त्याची नोंद 'संकटग्रस्त' अशी आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर तो थोड्या संख्येने येतो. रशियाच्या कामचाटका द्वीपकल्पात पायात कडी घातलेला एक ग्रेट नॉट केरळात चावक्काडच्या किनाऱ्यावर ओळखला गेला. कोणीतरी नीट पाहिले म्हणूनच ते कळले ना?

मग आपण का पाहू नये? ''आमच्यासारख्यांनी पक्षी बघायचे? तो शिकल्या-सवरल्या साहेबांचा छंद,'' असे आमच्या शेजारच्या ताई म्हणाल्या. गेल्या थंडीत आम्ही वस्तीतली सात-आठ मुले घेऊन सीवूड्सच्या पाणथळीकडे गेलो, तेव्हा एका रखवालदाराने हटकलेही. ''इथे काय काम?'' मुलांनी दुर्बीण दाखवली, वही दाखवली. पाच मिनिटांनी तोच आमच्याबरोबर शेकाट्यांचे लांब गुलाबी पाय पाहात उभा होता! त्या दिवशी ग्रेट नॉट दिसला नाही. पण मुलांच्या वहीत अकरा पक्षी चढले.

आता कसे शोधायचे ते सांगतो. ऑक्टोबर ते एप्रिल हा हंगाम. ओहोटीला पक्षी दूर चिखलात पांगतात, ओळखू येत नाहीत. भरती चढू लागली की पाणी त्यांना काठाकडे लोटते आणि ते उंचवट्यावर दाटीने बसतात. म्हणून पूर्ण भरतीच्या दोन तास आधी पोहोचावे. आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेला मोठी भरती दुपारी बाराच्या सुमारास येते. शंका असेल तर कोळी बांधवांना विचारा, उधाण आणि भांग त्यांच्याइतके कोणाला कळत नाही. जागा म्हणाल तर सीवूड्स-नेरूळचा खाडीकिनारा, ऐरोली आणि उरणजवळचे पाणजे. जानेवारी २०२४ पासून लोकल उरणपर्यंत जाते, त्यामुळे खर्चही फारसा नाही. चार घरांनी मिळून एक दुर्बीण घेतली तरी पुरे. चिखलात मात्र उतरू नका, माणूस रुततो. पक्ष्यांना दगड मारून उडवू नका. त्यांच्या अंगातली एकेक कण चरबी मोलाची आहे.

एक सावधगिरी. कर्ल्यू सँडपायपर नावाचा लहान पक्षीही हिवाळ्यात करडा असतो आणि नवख्याला फसवतो. त्याची चोच जास्त वाकडी, अंग सडपातळ. खात्री नसेल तर वहीत 'खात्री नाही' असेच लिहा. हवे म्हणून दिसले, असे कधी लिहू नका. खोट्या नोंदीने खऱ्या नोंदीचाही विश्वास जातो. तारीख, वेळ, जागा, संख्या लिहा, फोटो काढा आणि १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जाणकारांना दाखवा. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, तिच्यात मुलांना घेऊन सामील व्हा.

या वहीचा उपयोग काय? पाणथळीवर भराव पडायची वेळ येते तेव्हा पहिला प्रश्न हाच होतो की, ''इथे आहेच काय?'' सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली देशातील २,०१,५०३ पाणथळींना संरक्षण देण्याचा आदेश दिला. पण कागदावरची पाणथळ जमिनीवर टिकवायला डोळ्यांनी पाहिलेला, तारखेसह लिहिलेला पुरावा लागतो. हाच चिखल आणि हीच खारफुटी पावसाळ्यात उधाणाचे पाणी झेलते. ती गेली तर पाणी आधी कोणाच्या उंबऱ्यात शिरते, हे सखल भागातल्या आपल्या भावंडांना सांगायला नको.

तेव्हा येत्या रविवारी दूरदर्शन संच थोडा वेळ बंद ठेवा. डबा बांधा, मुलांना घ्या, खाडीवर जा. ग्रेट नॉट दिसला तर आम्हाला जरूर कळवा. नाही दिसला तर काय दिसले ते कळवा. तीही नोंदच आहे.