मायच्या गुडघ्यासाठी आलेली बाटली



सोयाबीनच्या फवारणीच्या धांदलीत पुण्याहून भाचा आला. मायच्या गुडघ्यासाठी ड्रॉपरची एक छोटी बाटली घेऊन आला. सीबीडी तेल. "मामा, भारी अँटिऑक्सिडंट आहे, साइड इफेक्ट काहीच नाही." पोराचा आजीवर जीव, त्यात खोट नाही. पण हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झाल्यापासून माय रक्त पातळ करायची गोळी घेते. म्हणून बाटली उघडायच्या आधी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "अजिबात देऊ नका." का, ते खाली सांगतो.

सीबीडी म्हणजे गांजा-भांगेच्या झाडातला एक घटक. नशा चढते ती टीएचसीनं, सीबीडीनं नाही. आता अँटिऑक्सिडंट. जवसाचं तेल उघडं राहिलं की खवट होतं, ते हवेतल्या ऑक्सिजनमुळं. शरीरातल्या पेशींचंही असंच नुकसान होत असतं. ते रोखणारा पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट.

सीबीडीत हा गुण आहे. १९९८ साली अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूच्या पेशींवर प्रयोग केला. त्यात सीबीडी क आणि ई जीवनसत्त्वांपेक्षा सरस ठरलं. जाहिरातवाले इथंच थांबतात.

पण तो प्रयोग बशीतल्या पेशींवरचा होता. बशीत ट्रायकोडर्मा मर रोगाच्या बुरशीला खाऊन टाकतो. तोच हरभऱ्याच्या कोरड्या वावरात टाका, मग बघा किती चालतो. म्हणून तर विद्यापीठ दोन-तीन हंगाम चाचण्या घेतल्याशिवाय शिफारस करत नाही. पिकाला एवढी कसोटी, मग मायला का नको?

फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. त्यातल्या काहींना बीटा-कॅरोटीन दिलं. हेही अँटिऑक्सिडंटच, गाजरातलं. १९९४ साली निकाल आला. फुफ्फुसाचा कॅन्सर कमी व्हायचा सोडून ते घेणाऱ्यांत १८ टक्के जास्त निघाला. गाजर खाणं वेगळं अन् त्यातला अर्क काढून रोज घेणं वेगळं.

सीबीडी औषध म्हणून कुठंच चालत नाही असं नाही. २०१८ साली अमेरिकेनं लहान मुलांच्या दोन दुर्मिळ, अवघड प्रकारच्या फिट्सवर त्याला मान्यता दिली. पण ते देताना यकृताची तपासणी करत राहावी लागते. सांधेदुखीचं म्हणाल, तर डेन्मार्कमध्ये हाताच्या सांध्यांच्या रुग्णांना १२ आठवडे देऊन पाहिलं. औषध नसलेल्या गोळीपेक्षा जास्त फरक पडला नाही.

आता डॉक्टरांचं कारण. यकृत ज्या यंत्रणेनं इतर औषधं मोडतं, ती सीबीडी मंदावतं. मग मायच्या गोळीचं औषध रक्तात साचत जातं अन् रक्तस्रावाचा धोका वाढतो. दुकानदार हे सांगत नाही.

दुसरी गोष्ट वावराची. २०२१ साली सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्यानं शेतमालाला भाव नाही म्हणून गांजा लावायची परवानगी मागितली होती. त्याची चीड मला कळते. आपल्या साखरखेर्ड्यातही पारावर कोणी ना कोणी म्हणतोच, "सीबीडीला सोन्याचा भाव आहे, लावू दोन ओळी तुरीत." भाऊ, १९८५ च्या कायद्यानं विनापरवाना लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. उत्तराखंडनं परवाने दिले, पण टीएचसी ०.३ टक्क्याच्या आत असलेल्या भांगेला. आपल्याकडं तसं पीक आणायचंच असेल तर आधी अकोल्याच्या विद्यापीठाकडून तपासलेलं बियाणं, चाचणी अन् खात्रीचा खरेदीदार मागू. चोरून लावलं तर पैसा दलालाचा अन् जेल आपली.

भाच्याला हे सगळं समजावलं. रागावला नाही, बाटली परत घेऊन गेला. एक सांगतो. तुमच्याही घरात कुणी बीपी, फिट किंवा रक्त पातळ करायची गोळी घेत असेल, तर असली बाटली उघडायच्या आधी डॉक्टरांना दाखवा. फवारणीच्या औषधाचं लेबल आपण दोनदा वाचतो, मग हे तर पोटात जाणार आहे.