विश्लेषण : कोंबडीच्या पिल्लांना सोयापेंडीऐवजी दुसरी पेंड चालेल का?

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत गुरुवारी भरणाऱ्या आठवडी बाजारात जनावरांबरोबर कोंबड्याही विकल्या जातात. या कोंबडीचा हिशेब मात्र बराचसा मोंढ्यातल्या भावांवर ठरतो. ब्रॉयलरच्या उत्पादन खर्चात साधारण ६० ते ७० टक्के वाटा खाद्याचा असतो. त्यात ऊर्जेसाठी मका आणि प्रथिनांसाठी सोयापेंड वापरतात.

पर्यायाची चर्चा का होते?

ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला १० हजार रुपयांच्या वर गेले. पोल्ट्री उद्योगाच्या मागणीनंतर केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी दिली. पाठोपाठ नवा माल आला, भाव घसरले आणि सोयाबीन उत्पादक संतापले. २०२४ मध्ये चित्र उलटे होते. हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात त्याहून कमी दर मिळत होता. मराठवाड्यात सोयाबीन आणि कोंबडीपालन हे दोन्ही शेतकऱ्याचेच व्यवसाय आहेत. त्यामुळे एकाचा नफा तो दुसऱ्याचा खर्च ठरतो.

मराठवाड्यात कोणते पर्याय आहेत?

सरकी पेंड : कापूस पट्ट्यात सहज मिळते. पण तिच्यात गॉसिपॉल हा घटक असतो. तो लायसिन या अमिनो आम्लाला बांधून ठेवतो आणि वाढ खुंटते. गाई-म्हशींना चालणारी पेंड पिल्लांना तशीच चालत नाही, ती यामुळेच.

शेंगदाणा पेंड : प्रथिने भरपूर, पण बुरशी लागली की अफ्लाटॉक्सिन तयार होते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये अशाच पेंडीमुळे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. अफ्लाटॉक्सिनचा शोध त्यातूनच लागला.

करडई व सूर्यफूल पेंड : टरफलामुळे तंतू जास्त, पचन कमी.

तीळ पेंड : मिथिओनिन चांगले, लायसिन कमी.

डीडीजीएस : धान्यापासून इथेनॉल केल्यावर उरणारा चोथा. इथेनॉल प्रकल्प वाढल्याने तो स्वस्तात मिळू लागला आणि सोयापेंडीची मागणी घटली. मात्र स्टार्च निघून गेल्याने धान्यातले बुरशीचे विष चोथ्यात सुमारे तिप्पट होते.

पिल्लांच्या बाबतीत वेगळे काय?

ब्रॉयलर पिल्लू पहिल्या सात दिवसांत जन्मावेळच्या वजनाच्या सुमारे चौपट होते. त्याच्या खाद्यात २२ ते २३ टक्के प्रथिने लागतात. पण पचनसंस्था अजून पूर्ण तयार नसते. तंतू किंवा विष मोठी कोंबडी काही प्रमाणात सोसते, पिल्लू सोसत नाही. पहिल्या आठवड्यातली तूट पुढे भरून निघणेही अवघड असते.

सोयापेंडही निर्दोष नाही. नीट भाजली नसेल तर तिच्यातले ट्रिप्सिनरोधक घटक प्रथिनांचे पचन अडवतात.

मग बचत कुठे करायची?

सुरुवातीच्या खाद्यात सोयापेंड कायम ठेवून, पर्यायी पेंड पुढच्या टप्प्यात थोड्या प्रमाणात वाढवणे हा सुरक्षित मार्ग आहे. पोत्यावरच्या प्रथिनांच्या टक्केवारीपेक्षा पचणारे लायसिन आणि मिथिओनिन किती, हे महत्त्वाचे. ही तूट वेगळी अमिनो आम्ले मिसळून भरता येते. शेंगदाणा पेंड व डीडीजीएसची विषतपासणी टाळू नये.

करारावर कोंबड्या वाढवणाऱ्यांना खाद्य कंपनीच देते, त्यामुळे हा निर्णय त्यांच्या हातात नसतो. स्वतः खाद्य मिसळणाऱ्या लहान पालकाला मात्र स्वस्त पेंडीचा मोह जास्त आणि तपासणीची सोय कमी. नुकसानीचा धोकाही त्यालाच सर्वाधिक आहे.