श्वासाबरोबर आलेलें विष

पोटांत गेलेल्या विषाची धास्ती प्रत्येक घरांत असते. परंतु श्वासाबरोबर आंत शिरणाऱ्या विषाचा विचार आपण क्वचितच करतों. कार्बन मोनॉक्साइड हा असाच एक वायु. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, घशास त्याची टोचणीहि नाहीं. कोळसा किंवा गॅस अपुऱ्या हवेंत जळला म्हणजे तो उत्पन्न होतो. तो शरीरांत कसा भिनतो व कसा निघून जातो, हें ज्ञान आपणांस बव्हंशीं प्रयोगशाळेंतील मुक्या प्राण्यांनीं दिलें आहे.

फ्रान्समधील क्लोद बर्नार यांनीं हा वायु कुत्र्यांस हुंगविला, तेव्हां एरवीं काळपट दिसणारें नीलांतील रक्तहि लालभडक झालेलें आढळलें. 1857 सालीं प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत त्यांनीं याचा उलगडा केला. हा वायु तांबड्या रक्तपेशींत प्राणवायूची जागा बळकावून बसतो. रक्ताशीं त्याची सलगी प्राणवायूच्या दोनशें पटींहूनहि अधिक असल्यामुळें हवेच्या हजार भागांत त्याचा एक भाग असला तरी जिवावर बेततें.

पुढें 1895 सालीं ऑक्सफर्डच्या जॉन स्कॉट हॉल्डेन यांनीं उंदरांवर, व स्वतःवरहि, प्रयोग केले. विषारी हवेंत उंदीर माणसापेक्षां सुमारें वीस पट लवकर कोलमडतो. देह लहान व श्वास जलद, म्हणून त्याचें रक्त लवकर भरतें. आणि मोकळ्या हवेंत आणतांच त्याच कारणानें तें लवकर निवळतें. 1896 सालीं वेल्समधील टायलर्सटाउनच्या खाणींत स्फोट होऊन 57 माणसें दगावलीं. त्यांतील बहुतेकांचा बळी स्फोटानें नव्हे, तर या वायूनें घेतला, असें हॉल्डेन यांस दिसून आलें. खाणींत लहान प्राणी बरोबर न्यावा ही त्यांचीच सूचना. पुढें कॅनरी पक्षी नेण्याचा प्रघात पडला, आणि त्यांच्या जागीं यंत्रें आणण्याचा निर्णय ब्रिटनमध्यें 1986 सालीं झाला.

हें विष शरीर पचवीत नाहीं. जवळजवळ सारें आल्या वाटेनें, म्हणजे श्वासावाटेंच, बाहेर पडतें. साध्या हवेंत माणसाच्या रक्तांतील निम्मा वायु जाण्यास चार-पांच तास लागतात. शुद्ध प्राणवायु दिल्यास सुमारें सव्वा ते दीड तास पुरतो.

आतां हें आमच्या वाचकांपुढें मांडण्याचें कारण. बाळंतिणीच्या खोलींत दारें-खिडक्या लावून कोळशाची शेगडी ठेवण्याची चाल कित्येक घरांत अद्यापि आहे. कोंदट न्हाणीघरांत गॅसचा गीझरहि असतो. वजनाच्या मानानें तान्हें मूल मोठ्या माणसापेक्षां अधिक हवा ओढतें. उंदराचा धडा त्यासच आधीं लागू पडतो. वडीलधाऱ्यांच्या मायेविषयीं आम्हांस शंका नाहीं; पण ऊब देतांना हवा कोंडूं नये, एवढेंच आमचें म्हणणें.

एकाच वेळीं घरांतील अनेकांचें डोकें दुखूं लागलें, मळमळूं लागलें, तर जेवणास दोष देत बसूं नये. दारें उघडावीं, सर्वांस बाहेर आणावें व विनाविलंब रुग्णालय गांठावें. आणि मुळांतच हा प्रसंग टाळावयाचा, तर गीझर न्हाणीघराबाहेर बसवावा व निखाऱ्यांची शेगडी निजण्याच्या खोलींत ठेवूंच नये.